खोडरबराची भूमिती

दिवाळी अंकात भूमिती! एवढे वाचूनच काही वाचकांनी पान उलटले असेल, आणि मी त्यांना दोष देणार नाही. फराळाचे ताट पुढ्यात आहे, पाहुणेरावळे आले आहेत, आणि अशा वेळी शाळेत ज्या विषयाने छळले तोच पुन्हा समोर यावा, ही काही सणाची रीत नव्हे. पण माझे एक भांडण आहे, आणि घरची मंडळी जमलेली असतानाच भांडण मांडावे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. शिवाय हे भांडण ज्यांच्यासाठी मांडायचे ती पोरे सुट्टीमुळे आज घरीच आहेत. तेव्हा चकली खात खात ऐकले तरी चालेल, पण ऐकावे, एवढी विनंती.

भांडण असे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे आपण प्रत्येक पोराला शिकवतो. ती १८० *का* असते, हे मात्र बहुतेकांना कधीच कळत नाही. आणि हे न कळल्यामुळे पोराचे जे नुकसान होते ते गणितापुरते राहत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. बोली थोडी बदलते, माती बदलते, पण भूमितीचा तास दोन्हीकडे सारखाच. पोरगा वहीत त्रिकोण काढतो. जीभ दातांत धरून कोनमापक ठेवतो. एक कोन ६३, दुसरा ४८, तिसरा ६७. बेरीज करतो आणि घाबरतो. मग हळूच उठून म्हणतो, "सर, माह्ये एकशे अठ्ठ्याहत्तर येऊन रायले." वरून उत्तर येते, "नीट मोज." आता 'नीट मोज' याचा अर्थ काय, हे त्या पोराला बरोबर कळते. तो खाली बसतो, खोडरबर काढतो, ६७ खोडतो आणि तिथे ६९ लिहितो. वही तपासली जाते. तांबड्या शाईची बरोबरची खूण होते.

वाचकहो, त्या पाच मिनिटांत पोराने काय शिकले ते नीट पाहा. पहिले हे शिकले, की उत्तर आधीच ठरलेले असते आणि मोजणे हा नुसता देखावा. दुसरे हे, की डोळ्याला दिसले एक आणि पुस्तकात छापले दुसरे, तर डोळ्याने गप्प बसावे. आणि तिसरे, सर्वांत वाईट, की आकडा सफाईने बदलला तर शाबासकी मिळते. याला भूमिती म्हणता येईल का? ही खोट्या हिशेबाची उमेदवारी झाली. हाच पोरगा उद्या मोठा होऊन गारपिटीचा पंचनामा लिहील, पिकाची पैसेवारी लिहील, रोजगाराच्या कामावरची हजेरी लिहील. तेव्हा 'वरून' काय अपेक्षित आहे ते पाहून तो खालून आकडा भरील, आणि आपण कपाळाला हात लावून म्हणू, काय हो हा काळ! त्याला पहिला आकडा खोडायला कुणी शिकवले, हा प्रश्न मात्र कुणी विचारणार नाही.

आणि गंमत अशी, की त्या पोराचे १७८ बरोबर होते! पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. प्लॅस्टिकचा कोनमापक पाचदहा रुपयांचा, त्याच्या खुणा जाड. ठेवताना केसभर सरकला तर अंशाचा फरक. मोजमाप म्हटले की चूक आलीच. वर्गातल्या चाळीस पोरांनी खरेखरे आकडे फळ्यावर लिहिले तर १७८, १८१, १७९, १८०, १८२ असाच बाजार भरेल. तो भरू द्यावा. मग मास्तरने खडू खाली ठेवून विचारावे, "बाबांनो, यातला खरा कोणता?" आता कोनमापक काहीच सांगू शकत नाही. तो तर स्वतःच आरोपी आहे. वर्गात जी शांतता पसरते, तिथे भूमिती जन्माला येते. मोजून निकाल लागत नाही, आता विचार करूनच लावावा लागणार. ही शांतता आपण खोडरबराने पुसून टाकतो, आणि हेच माझे भांडण.

आता तो विचार किती सोपा आहे ते पाहा. एक त्रिकोण काढा. वरच्या टोकाला क म्हणा, खालच्या दोन टोकांना ख आणि ग. क मधून खालच्या बाजूला समांतर अशी एक रेघ ओढा, घराच्या शिखरावर आडवी काठी ठेवावी तशी. आता क पाशी, काठीच्या खालच्या अंगाला, तीन कोन शेजारी शेजारी बसले आहेत. डावीकडचा कोन ख च्या कोनाएवढा, कारण ते व्युत्क्रम कोन. उजवीकडचा त्याच कारणाने ग च्या कोनाएवढा. मधला तर क चा स्वतःचाच. तिघांनी मिळून काठीची एक बाजू पुरी भरली, म्हणजे सरळ कोन, म्हणजे १८०. झाले! ग्रीक पंडित युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास हे लिहून ठेवले, आणि तेव्हापासून त्यात कुणाला खोडरबर लावावा लागला नाही.

यातून निघणारे दुसरे प्रमेय नववीच्या पुस्तकात आहे. त्रिकोणाची एक बाजू पुढे वाढवली की बाहेर जो कोन होतो, तो आतल्या दोन दूरच्या कोनांच्या बेरजेएवढा असतो. कारण उघड आहे. तो बाह्यकोन आणि त्याचा आतला शेजारी मिळून १८०, आणि तोच शेजारी व दूरचे दोघे मिळूनही १८०. शेजारी दोन्हीकडून वजा करा, हिशेब चुकता. याला पाठ काय करायचे? पण आपण पाठ करून घेतो. 'पक्ष', 'साध्य', 'सिद्धता' अशा मथळ्यांसकट घेतो. मग पुस्तकात त्रिकोण एबीसी असतो आणि परीक्षेत पीक्यूआर येतो, की पोराचा धीर सुटतो. पाया खाली नसून वर काढला तर त्याला तो त्रिकोण ओळखीचाही वाटत नाही. अक्षरे बदलल्यावर जे कळेनासे होते ते कधी कळलेलेच नव्हते, हे आम्ही मास्तर लोक कबूल का करत नाही?

ज्या शब्दांखाली आपण ही घोकंपट्टी चालवतो ते शब्द तरी पाहा. पक्ष आणि साध्य हे आपल्या न्यायशास्त्रातले शब्द. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे, हे उदाहरण घेऊन आपल्या नैयायिकांनी शतकानुशतके वाद घातले. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे 'म्हणून' कशाच्या जोरावर, असे ते एकमेकांना विचारीत. त्यांच्या वादसभेतून शब्द उचलले, पण प्रश्न विचारण्याची सवय तिथेच टाकून आलो.

आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी काढलेल्या मठाची त्यात नोंद आहे. या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक मोठा रोखठोक शेरा मारला आहे. चौकोनाच्या फक्त चार बाजू सांगून जो त्याचे क्षेत्रफळ विचारतो, तो त्यांच्या मते पिशाच्च, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठे! कारण चार बाजूंनी चौकोन पक्का होत नाही. चार काठ्यांची चौकट बांधून पाहा, ढकलली की तिरपी होते. त्रिकोण मात्र हलत नाही, म्हणून तर छपराला कैची असते. शेताच्या चार बांधांची लांबी घेऊन समोरासमोरच्यांची सरासरी काढणारे आणि त्यावर भांडणारे भाऊबंद मी पाहिले आहेत. भास्कराचार्य त्यांना काय म्हणाले असते ते उघड आहे. मधून कर्ण घ्या, दोन त्रिकोण करा, मग बोला.

यावर कोणी म्हणतील, "अहो मास्तर, शेतकऱ्याच्या पोराला सिद्धता करायची काय? १८० असते एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे." हे म्हणणे वरवर पाहता मोठे शहाणपणाचे दिसते. त्यात दया असल्याचाही भास होतो. मला तर त्यात नुसता तुच्छतेचा वास येतो. शहरातल्या पोराने विचार करायचा आणि आमच्या पोराने उत्तर ऐकून घ्यायचे, ही वाटणी कुणी केली?

आणि उपयोगच पाहायचा तर घ्या. सरळ सडकेने चालला आहात. दूर शेतापलीकडे देवळाचा कळस दिसतो आहे, सडकेशी ३० अंशांचा कोन करून. चालत राहा, आणि तो कोन ६० झाला की थांबा. पहिल्या जागेपासून जेवढे चाललात, बरोबर तेवढेच अंतर आता देवळापर्यंत उरले आहे. शेत तुडवायला नको, टेप लावायला नको. का? कारण ६० हा बाह्यकोन, त्यातून दूरचा ३० वजा केला की कळसापाशी उरतो ३०. दोन कोन सारखे, म्हणून त्यांच्या समोरच्या बाजूही सारख्या. समुद्रावरचे खलाशी दीपगृहाचे अंतर याच युक्तीने काढत आले. नववीचे प्रमेय एवढ्या कामाचे आहे, हे किती पोरांना त्यांच्या मास्तरने सडकेवर नेऊन दाखवले?

आता विदर्भातलीच एक मोठी गोष्ट सांगतो. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लँबटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. याने १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत हिंदुस्थान मोजायला घेतला. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र अर्ध्या टनाच्या घरातले. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना ते आदळून मोडले, तर याने स्वतः बसून ते दुरुस्त केले. १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला त्याचे देहावसान झाले, काम मात्र पुढे चालले. त्याच त्रिकोणांच्या साखळीवरून पुढे हिमालयाची शिखरे मोजली गेली. राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने १८५२ च्या सुमारास जगातल्या सर्वांत उंच शिखराचा हिशेब मांडला, आणि १८५६ साली ते २९,००२ फूट असल्याचे जाहीर झाले. ती मोजणी साहेबाने आपल्या राज्यासाठी, साऱ्यासाठी आणि फौजेसाठी केली, हे मी विसरलेलो नाही. पण त्रिकोणाने कुणाची चाकरी केली नाही. तो साहेबाला जे सांगत होता तेच सिकदारांनाही सांगत होता.

आणि माझ्या भांडणाशी याचा संबंध असा. दोन कोन कळले की तिसरा वजाबाकीने निघतो, हे या मोजणी करणाऱ्यांना काय ठाऊक नव्हते? तरी ते शक्य तिथे तिसरा कोनही मोजत, यंत्र टेकडीवर चढवून मोजत. कशासाठी? बेरीज किती चुकते ते पाहण्यासाठी! चूक किती आली ते ते लिहून ठेवीत, आणि ती उघडपणे, नियमाने, तिन्ही कोनांत वाटून देत. चूक लपवायची नाही, ती मोजायची. कारण त्या चुकीवरून यंत्र कसे आहे, डोळा कसा आहे, भरवसा किती ठेवायचा, हे कळते. आमचा पोरगा १७८ आले म्हणून घाबरतो, आणि ज्यांनी हा देश मोजला ते त्याच १७८ ची वाट पाहत बसत!

त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. मोठ्या त्रिकोणांची खरी बेरीज १८० च्या किंचित वरच यायला हवी, हेही त्यांना माहीत होते, कारण पृथ्वी गोल आहे. सपाट कागदावरची समांतर रेघ गोल पृथ्वीवर तशीच चालत नाही. वाढ किती? दर १९७ चौरस किलोमीटरला सुमारे एक सेकंद, आणि अंशाचे ३,६०० सेकंद होतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,६०० चौरस किलोमीटर. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याएवढा त्रिकोण जमिनीवर आखला, तरी बेरीज १८० वर फार तर ४९ सेकंद जाईल, एका अंशाचा साठावा भागही भरणार नाही. ज्याने सिद्धता समजून घेतली त्यालाच हे कळेल, कारण १८० कशावर उभे आहे हे त्याला ठाऊक असते. ते समांतर रेषेवर उभे आहे. ती डळमळली की बेरीज डळमळते. ज्याने पाठ केले त्याच्या लेखी पृथ्वी गोल असली काय नि चौकोनी असली काय!

उलट बाजूने आणखी एक आक्षेप येतो, आणि तो करणारे लोक माझ्या मनाचे आहेत म्हणून त्यांना जरा जपून उत्तर देतो. ते म्हणतात, आता पूर्वीसारखे नाही, आता आम्ही उपक्रमातून शिकवतो. कागदाचा त्रिकोण कापायचा, तिन्ही कोपरे फाडायचे, एकाशेजारी एक ठेवायचे, की सरळ रेघ जुळते. छान आहे. आकाशकंदिलाच्या उरलेल्या कागदाचे आजच करून पाहा, घरातल्या आजीलाही आवडेल. पण तिथे थांबू नका! फाडला तो एक कागद. त्याचे जुळले म्हणून लोणारच्या सरोवराचे जुळेल कशावरून? त्या विवराच्या काठावर, सुमारे पावणेदोन किलोमीटरच्या त्या प्रचंड वर्तुळावर, कुठेही तीन पोरे झेंडे घेऊन उभी करा. त्यांचा त्रिकोण फाडून जुळवायला तुम्ही कागद कुठून आणणार? पण ती समांतर रेघ मनात ओढता येते. ती करंजीएवढ्या त्रिकोणाला जशी लागू, तशी लोणारच्या त्रिकोणालाही लागू, आणि जो त्रिकोण अजून कुणी काढलाच नाही त्यालाही लागू. बारा-तेरा वर्षांच्या पोराने, एका खेड्यात, फाटक्या चटईवर बसून, जगातल्या साऱ्या सपाट त्रिकोणांबद्दल निकाल द्यावा आणि तो कुणालाही फिरवता येऊ नये! एवढे सामर्थ्य दुसऱ्या कोणत्या तासाला आपण त्याच्या हाती देतो? उपक्रम हा उंबरठा आहे. पोराला उंबरठ्यावर बसवून परत पाठवणे म्हणजे शिक्षण नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, कादंबऱ्या लिहिणाऱ्या मॅट्रिक मास्तरने या गणिताच्या उठाठेवी कशाला कराव्यात? उत्तर सरळ आहे. कादंबरीत मी नायकाला उगाच विहिरीत ढकलले, तर वाचक पत्र लिहून विचारतो, "असे का झाले?" त्याला कारण द्यावेच लागते. कथेत ज्या 'का'चे उत्तर न दिल्याबद्दल वाचक लेखकाला सोडत नाही, तोच 'का' पोराने वर्गात विचारला की त्याला "आगाऊ" म्हणून खाली बसवतात. ही रीत मला पटत नाही. आणि पदवी नसली तरी सिद्धतेचे काही अडत नाही, हीच तर सिद्धतेची थोरवी. तिथे कोण बोलतो हे पाहत नाहीत, काय बोलतो ते पाहतात. मास्तर चुकला तर पहिल्या बाकावरची मुलगी त्याला फळ्यापाशी थांबवू शकते, आणि मास्तरला थांबावे लागते. वय, मान, जात, पैसा, हुद्दा, यांपैकी कशालाही तिथे वजन नाही. आपल्या गावगाड्यात असा दुसरा चौक मला दाखवा!

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना माझे सांगणे आहे की, वर्गात मोजणी करायची तर खरे आकडे लिहू द्या, आणि भूमितीच्या तासाला खोडरबर दप्तरात ठेवायला सांगा. १७८ लिहिणाऱ्याला आधी शाबासकी द्या, मग प्रश्न द्या. प्रमेय पाठ म्हणवून घेण्याऐवजी त्रिकोण उलटा काढा, अक्षरे बदला, आणि "ही रेघ कशाला ओढली?" एवढेच विचारा. अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही तक्रार मला ठाऊक आहे. मीही तेच रडगाणे गातो. पण न समजलेला पुरा अभ्यासक्रम आणि समजलेला अर्धा, यांत मोठा कोणता, याला तरी सिद्धता लागू नये.

आणि आईबापांनो, तुमच्याकडेही मागणे आहे. पोरगे शाळेतून आले की "किती मार्क पडले?" हा आपला ठरलेला प्रश्न. तो खुशाल विचारा. पण त्याच्या जोडीला आणखी एक विचारत जा, "आज कशाचे कारण कळले?" उत्तर नाही आले तर रागावू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आणि पोराने उलट तुम्हालाच "असे का?" म्हणून विचारले, तर 'मोठ्यांना उलट विचारू नये' हे वाक्य गिळून टाका. ते वाक्य आपल्या घराघरांत फार वापरले गेले आहे, आणि त्याने आपले काही भले झाल्याचे मला तरी दिसत नाही. ज्या घरात 'का' विचारता येतो, त्या घरातल्या पोराला शाळेत कुणी आकडा खोडायला सांगितले, तर ते मान वर करून म्हणेल, "सर, आले ते आले. आता असे का आले, ते सांगा."

ते पोरगे आपल्याला हवे आहे. १८० आपोआप येईल.